आलेखातील नावांचा क्रम : उलटावा केव्हा आणि उलटावा कसा?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या गावांत आता लहान कापड दुकानातही कॉम्प्युटर आला आहे. बिले त्यावर निघतात, जीएसटीचा हिशेब त्यावर होतो. महिना संपला की मुलगा किंवा मुनीमजी एक्सेलमध्ये आलेख काढून मालकापुढे ठेवतो. आलेख ही कामाची चीज आहे. दोनशे ओळींची यादी वाचून जे कळत नाही ते चार दांड्या पाहून कळते. पण त्या दांड्या कोणत्या क्रमाने लावल्या आहेत, पहिली कोठे आहे आणि शेवटची कोठे, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आकडे बरोबर असूनही फैसला चुकतो तो पुष्कळदा येथेच. म्हणून या वेळी आम्ही व्यापारी बांधवांपुढे एवढा एकच विषय घेत आहोत : आलेखातील नावांचा क्रम उलटवणे.

दोन अक्ष, दोन स्वभाव

दांड्यांच्या आलेखाला दोन अक्ष असतात. एकावर आकडे असतात : रुपये, मीटर, ताके. दुसऱ्यावर नावे असतात : पॉपलीन, केंब्रिक, मलमल, किंवा गिऱ्हाइकांची गावे, किंवा महिने. पहिल्याला आपण आकड्यांचा अक्ष म्हणू आणि दुसऱ्याला नावांचा अक्ष.

आकड्यांच्या अक्षाला स्वतःचा क्रम असतो. शून्यानंतर दहा, दहानंतर वीस. तो कोणी ठरवावा लागत नाही. नावांच्या अक्षाचे तसे नाही. पॉपलीन आधी की मलमल आधी, हे गणित सांगत नाही. ते माणसाने ठरवायचे असते. माणसाने ठरवले नाही तर मशीन ठरवते, आणि मशीनला बाजार माहीत नसतो.

नावेही दोन जातीची असतात. काही नावांत लहानमोठेपणा नसतो. उदाहरणार्थ पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर ही गावे. काही नावांत तो असतो; जाड, मध्यम, पातळ; किंवा तयार कपड्यांतील एस, एम, एल, एक्सएल हे साइज. पहिल्या जातीची नावे आपण विक्रीप्रमाणे मागेपुढे करू शकतो. दुसऱ्या जातीची नावे आपल्या जागेवरून हलता कामा नयेत. फार तर सगळी रांग एकदम उलटी करता येते.

यादी वरून, आलेख खालून

एक्सेलमध्ये आडव्या दांड्यांचा आलेख काढला की नव्या माणसाला पहिला धक्का हा बसतो की यादी उलटी झाली. तक्त्यात पॉपलीन सर्वांत वर लिहिलेले असते, आलेखात ते सर्वांत खाली जाते. कॉम्प्युटर बिघडला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही.

याचे कारण शाळेतल्या आलेख-कागदात आहे. त्या कागदावर शून्य हा खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि उभ्या अक्षावर मोजणी खालून वर चढते. एक्सेल तोच नियम नावांनाही लावते. पहिले नाव शून्याजवळ म्हणजे तळाशी, दुसरे त्याच्यावर, तिसरे आणखी वर. मशीन आलेखाच्या नियमाने चालते. आपण मात्र यादी वाचण्याच्या सवयीने वरून खाली पाहतो. मराठी असो, उर्दू असो की इंग्रजी, ओळी वरूनच खाली वाचल्या जातात. या दोन सवयींची टक्कर म्हणजे उलटा दिसणारा आलेख.

ही गोष्ट कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली 'कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस' नावाचे पुस्तक काढले. त्यात १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंत स्कॉटलंडचा सतरा ठिकाणांशी झालेला आयात-निर्यातीचा व्यापार त्याने आडव्या दांड्यांनी दाखविला. व्यापाराचे आकडे दांड्यांनी दाखविणारा हा पहिला आलेख मानला जातो. इतर देशांचे अनेक वर्षांचे आकडे त्याच्या हाती होते म्हणून तेथे त्याने काळाच्या रेघा ओढल्या. स्कॉटलंडचे आकडे एकाच वर्षाचे मिळाले, म्हणून काळाऐवजी नावे मांडावी लागली. त्या आलेखातही मोठा व्यापार असलेले आयर्लंड तळाशी आहे. म्हणजे नावांचा क्रम वरून लावावा की खालून, हा सवाल दांडी-आलेखाच्या जन्मापासूनचा आहे.

उलटवण्याची रीत

एक्सेलमध्ये काम सोपे आहे. पायऱ्या अशा :

१. आलेखात डाव्या बाजूला जेथे नावे आहेत त्या अक्षावर दोनदा क्लिक करावे. 'फॉरमॅट ॲक्सिस' ही चौकट उघडते.

२. त्यात 'ॲक्सिस ऑप्शन्स'खाली 'कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर' असे लिहिलेले सापडेल. त्याच्यापुढे टिक करावी. नावे तक्त्याप्रमाणे वरून खाली लागतील.

३. टिक करताच आकड्यांचा अक्ष खालून उचलून वर जाईल. घाबरू नये. तो पहिल्या नावाला चिकटलेला असतो, ते वर गेले म्हणून तोही गेला. त्याच चौकटीत 'हॉरिझॉन्टल ॲक्सिस क्रॉसेस' या शब्दांखाली 'ॲट मॅक्सिमम कॅटेगरी' निवडावे. आकडे पुन्हा खाली येतील.

४. एका नावासमोर दोन दांड्या असतील, उदाहरणार्थ गेल्या वर्षीची आणि या वर्षीची विक्री, तर त्यांचाही आपसातला क्रम उलटतो. म्हणून रंगांची खूण सांगणारी चौकट आणि दांड्या यांचा मेळ एकदा पाहून घ्यावा.

लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना अक्षाच्या चौकटीत 'स्केल' या पानावर 'रिव्हर्स डायरेक्शन' हा पर्याय मिळेल. ज्यांची मुले पायथन शिकत आहेत त्यांच्याकडेही हीच अडचण येते. मॅटप्लॉटलिबमध्ये आडव्या दांड्या खालूनच सुरू होतात आणि उभा अक्ष उलटवण्याचा हुकूम वेगळा द्यावा लागतो.

येथे एक ताकीद. पुष्कळ मुले अक्ष न उलटवता तक्ताच उलटा लिहितात, म्हणजे आलेख आपोआप सरळ दिसतो. मग दुसरा कोणी येतो, त्याला हे माहीत नसते, तो अक्षावर टिक करतो आणि आलेख पुन्हा उलटा होतो. शिवाय तोच तक्ता मुनीमजी आणि सीए साहेबही वाचतात. म्हणून तक्ता नेहमी माणसाच्या वाचण्याच्या क्रमाने ठेवावा आणि उलटवायचे ते फक्त अक्षावर.

क्रम वेगळा, दिशा वेगळी

आता धड्यातील मुख्य मुद्दा. कोणानंतर कोण, हा झाला क्रम. रांग कोणत्या टोकापासून सुरू, ही झाली दिशा. वर सांगितलेली टिक फक्त दिशा बदलते. क्रमच बिघडलेला असेल तर ती टिक काही सुधारणार नाही. बिघडलेली रांग फक्त उलट्या अंगाने उभी राहील.

क्रम बिघडतो कसा? मशीनने नावे अक्षरांप्रमाणे लावली म्हणजे. साध्या आलेखात एक्सेल तक्त्यातला क्रम पाळते, पण पिव्होट टेबल काढले की नावे अक्षरवार लागतात. 'आर' नावाच्या आकडेशास्त्राच्या भाषेतही नावे तशीच अक्षरवार लागतात. जाड, मध्यम, पातळ ही तीन नावे अक्षरवार लावली तर जाड, पातळ, मध्यम अशी रांग होते. उलटवली तर मध्यम, पातळ, जाड. दोन्ही वेळा मधला माणूस टोकाला उभा!

महिन्यांची गंमत याहून मोठी आहे. मराठी महिने अक्षरवार लावले तर सर्वांत आधी एप्रिल येतो. पाहणाऱ्याला वाटते की आर्थिक वर्ष बरोबर लागले. पण एप्रिलमागे ऑक्टोबर, त्यामागे ऑगस्ट, मग जानेवारी. अशा आलेखात दिवाळीची तेजी आणि पावसाळ्याची मंदी शेजारी शेजारी दिसेल आणि हंगाम म्हणून काही चीज आहे हेच समजणार नाही.

इलाज साधा आहे. नावाच्या आधी एक रकाना घेऊन त्यात १, २, ३ असे क्रमांक घालावेत आणि त्या क्रमांकावर तक्ता लावावा. आधी क्रम, नंतर दिशा. या दोन गोष्टी याच क्रमाने केल्या तर गोंधळ होत नाही.

काउंट आणि डेनियर

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घेऊ. सुती सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. लडी जास्त म्हणजे सूत पातळ. म्हणून २० काउंट जाड आणि ८० काउंट बारीक. पॉलिस्टरच्या धाग्याचा हिशेब उलटा. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. वजन जास्त म्हणजे धागा जाड. म्हणून ५० डेनियर बारीक आणि ३०० डेनियर जाड.

सुमारे ५,३१५ या आकड्याला काउंटने भागले की डेनियर निघतो. त्याप्रमाणे २० काउंट म्हणजे सुमारे २६६ डेनियर, ४० काउंट म्हणजे १३३, ६० काउंट म्हणजे ८९ आणि ८० काउंट म्हणजे ६६.

आता समजा, एका व्यापाऱ्याकडे सुती आणि पॉलिस्टर दोन्ही माल आहे आणि मुलाने शिल्लक मालाचे दोन आलेख एकाच कागदावर शेजारी शेजारी काढले. सुती आलेखात वरून खाली २०, ४०, ६०, ८०. पॉलिस्टरच्या आलेखात वरून खाली ५०, ७५, १५०, ३००. आकडे दोन्हीकडे वाढत गेले आहेत, कागद दिसायला नीटनेटका आहे. पण सुती आलेखात वर जाड माल आहे आणि पॉलिस्टरच्या आलेखात वर बारीक माल आहे. दोन्ही आलेखांत वरच्या दांड्या लांब दिसल्या तर मालक म्हणेल, जाड माल पडून आहे. खरे पाहता पॉलिस्टरमध्ये बारीक माल पडून आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर अशा समजावर ऑर्डर दिली गेली तर पैसा गोदामात अडकतो.

येथे पॉलिस्टरच्या नावांचा अक्ष उलटवावा. ३००, १५०, ७५, ५० असे लावावे, म्हणजे दोन्ही आलेख जाडाकडून बारकाकडे जातील. आणि आलेखाच्या कडेला वर 'जाड' व खाली 'बारीक' एवढे दोन शब्द लिहावेत.

आणखी एक बारीक गोष्ट. रकान्यात नुसते २०, ४० लिहिले तर एक्सेल त्यांना नावे न समजता विक्रीचे आकडे समजून त्यांच्याच दांड्या काढू शकते. म्हणून '२० काउंट' असे अक्षरांत लिहावे. पण अक्षरांत लिहिल्यावर अक्षरवार लावू नये, कारण मग '१०० काउंट' हा '२० काउंट'च्या आधी येतो आणि सर्वांत बारीक सूत सर्वांत जाड सुताच्या डोक्यावर जाऊन बसते.

उधारीचा आलेख

कापडाचा धंदा उधारीवर चालतो. म्हणून प्रत्येक दुकानात एक आलेख तरी उधारीचा असावा. कोणती रक्कम किती दिवसांपासून येणे आहे, हे त्यात दिसते. समजा, एका दुकानाचे या महिन्याचे येणे असे आहे :

० ते ३० दिवस : ४,२०,००० रुपये
३१ ते ६० दिवस : २,६०,००० रुपये
६१ ते ९० दिवस : १,१०,००० रुपये
९० दिवसांच्या वर : १,८०,००० रुपये

गेल्या महिन्याचा आलेख जुन्या नोकराने काढला होता. त्याने अक्ष उलटवला नव्हता, म्हणून ९० दिवसांच्या वरची रक्कम आलेखात सर्वांत वर होती, समजा १,७०,००० रुपये. या महिन्याचा आलेख नव्या मुलाने काढला. त्याने अक्ष उलटवला, म्हणून ० ते ३० दिवसांची ताजी उधारी सर्वांत वर आली, ४,२०,००० रुपये. मालकाला सवय ही की वरची दांडी म्हणजे जुनी उधारी. त्याने दोन कागद शेजारी ठेवले आणि वरच्या दांड्या ताडून पाहिल्या. त्याला वाटले, बुडीत जाणारी रक्कम महिन्यात पावणेदोन लाखांवरून सव्वाचार लाखांवर गेली. वास्तविक ती फक्त दहा हजारांनी वाढली होती.

अशा वेळी मालक काय करील? चांगल्या गिऱ्हाइकांचा माल रोखील. ईद आणि लग्नसराईच्या तोंडावर खरेदीला हात आखडता घेईल. ज्याने कधी वायदा मोडला नाही अशा माणसालाही दोन शब्द बोलून बसेल. पैशाचा तोटा भरून निघतो, पण बाजारातले नाते तुटले की जोडायला वर्षे लागतात. आणि या साऱ्याच्या मुळाशी काय, तर एक टिक.

उधारीचा आलेख कोणत्या दिशेने असावा? आमचे मत असे की, कागद कोणासाठी आहे ते पाहावे. वसुलीला जाणाऱ्या माणसाला सर्वांत जुनी रक्कम वर हवी, कारण त्याला आधी तेथेच जायचे आहे. बँकेत द्यायच्या कागदात ताजी रक्कम वर आणि जुनी खाली हे तक्त्याशी जुळते. दोन्ही दिशा योग्य आहेत. पण एकदा ठरविली की दर महिन्याला तीच ठेवावी. दिशा बदललीच तर जुने आलेखही नव्या दिशेने पुन्हा काढावेत.

येण्याप्रमाणे देण्याचाही आलेख काढावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराकडून माल घेतला तर लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने ही मुदत आयकरातील खर्चाच्या वजावटीशीही जोडली. म्हणून देण्याच्या आलेखात ३०, ६०, ९० असे गट न करता '१५ दिवसांपर्यंत', '१६ ते ४५ दिवस' आणि '४५ दिवसांच्या वर' असे तीन गट करावेत आणि मुदत टळलेला गट वर येईल अशी दिशा ठेवावी. त्या वरच्या दांडीत कोणा यंत्रमागवाल्याच्या कारीगरांची मजुरी अडकलेली असते. ती आलेखाच्या तळाशी दडून राहणे बरे नाही.

जॉर्जियाचा धडा

नावांचा क्रम बिघडला की मोठमोठ्या कचेऱ्यांचेही कसे हसे होते, याचे उदाहरण अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे आहे. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, तेथील आरोग्य खात्याने सर्वाधिक रुग्णांच्या पाच जिल्ह्यांचा दांडी-आलेख प्रसिद्ध केला. खालच्या अक्षावर तारखा होत्या. दांड्या डावीकडून उजवीकडे सुंदर उतरत गेल्या होत्या. पाहणाऱ्याला वाटावे, साथ ओसरली. मग लोकांनी तारखा वाचल्या. त्या कालक्रमाने नव्हत्याच! मे महिन्यातील काही तारखा एप्रिलच्या तारखांच्या आधी होत्या. रुग्णसंख्या मोठी तेथून लहान, असे लावल्यामुळे तारखांची रांग मोडली होती. शिवाय प्रत्येक तारखेला पाच जिल्ह्यांचा आपसातला क्रमही बदलत होता. टीका झाल्यावर आलेख दुरुस्त करण्यात आला आणि गव्हर्नरच्या कार्यालयाकडून माफी मागण्यात आली.

आकडा एकही खोटा नव्हता. तारखेला गावाच्या नावासारखे वागविले, एवढेच झाले. गावे विक्रीप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लावावीत. तारखा, साइज, काउंट आणि उधारीचे दिवस तसे लावू नयेत.

केव्हा उलटू नये

कोठे कोठे खालून वर हाच क्रम खरा असतो. लोकसंख्येच्या आलेखात लहान वयाचे गट तळाशी आणि वृद्ध वर, अशी रीत आहे. ती उलटवली तर जाणकारही चक्रावेल. गोदामातील मांडणीचा आलेख काढायचा असेल आणि पहिला खण जमिनीलगत असेल तर आलेखातही तो तळाशीच असू द्यावा. हमाल ज्या दिशेने पाहतो त्या दिशेने आलेख असावा.

आणि आकड्यांचा अक्ष कधीही उलटू नये. नावांचा अक्ष उलटल्याने दांडीची लांबी बदलत नाही, फक्त जागा बदलते. आकड्यांचा अक्ष उलटला की वाढ ही घट दिसू लागते. २०१४ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने फ्लोरिडा राज्यातील बंदुकीने झालेल्या खुनांचा आलेख शून्य वर ठेवून काढला. २००५ च्या स्वसंरक्षणाच्या कायद्यानंतर खून वाढले होते, पण भरभर पाहणाऱ्याला ते घटलेले दिसले. म्हणून टिक करण्यापूर्वी आपण कोणत्या अक्षावर उभे आहोत हे नीट पाहावे.

उर्दू वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द

आमच्यासारखे जे उर्दू शाळेत शिकले त्यांची नजर उजवीकडून सुरू होते. महिन्यांच्या उभ्या दांड्यांचा आलेख पाहताना अशा माणसाची नजर आधी मार्चवर पडते आणि नंतर मागे एप्रिलवर जाते. उर्दूत लिहायच्या कागदासाठी खालचा अक्ष वरच्याच रीतीने उलटवता येतो. मग एप्रिल उजवीकडे येतो आणि रुपयांचा अक्षही उजवीकडे जातो. उर्दू वाचणाऱ्याला ते सोयीचे आहे.

पण कागद जर मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणाऱ्यांच्या हाती जाणार असेल तर डावीकडून उजवीकडेच ठेवावा. उर्दूतही आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, त्यामुळे ही दिशा कोणालाच परकी नाही. प्रत्येक दांडीखाली महिन्याचे नाव मात्र पूर्ण लिहावे.

कागद हाती घेण्यापूर्वी

आलेख समोर आला की दांड्यांच्या लांबीकडे पाहण्याआधी मुलाला चार प्रश्न विचारावेत. पहिला : ही नावे क्रमाची आहेत की बिनक्रमाची? दुसरा : हा क्रम तू लावला की मशीनने? तिसरा : वर कोण आहे आणि का? चौथा : गेल्या महिन्याच्या कागदावरही तोच वर होता काय? चारही प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली तर मग दांड्या पाहाव्यात. न मिळाली तर कागद परत द्यावा. दुरुस्तीला दोन मिनिटे लागतात. गजाने मोजताना आपण गज उलटा धरत नाही. आलेख हाही आता आपला गजच आहे.